एका गावाच्या तीन वाटा : संदेशाने कोणत्या रस्त्याने जावं?

(गुहागर येथे दिलेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय फलकावर वाचून मघाशी एक-दोघांनी मला विचारलं, की इंटरनेटच्या दोन-दोन जोडण्या आणि त्यांच्यावरून जाणारी वाहतूक हा विषय तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने कशाला घ्यावा? त्याला तंत्रज्ञ आहेत की. खरं आहे. राउटर कसा बसवायचा, हे मी आज सांगणार नाही. पण या विषयाच्या पोटात एक फार जुना प्रश्न आहे. एकाच जागेहून निघणारे निरनिराळे संदेश आहेत आणि बाहेर पडायला एकाहून जास्त वाटा आहेत. मग कोणता संदेश कोणत्या वाटेने पाठवायचा? ते कशावरून ठरवायचं? आणि ठरवणारा कोण? हा प्रश्न इंटरनेटने जन्माला घातलेला नाही. त्याने तो घराघरांत आणून ठेवला, एवढंच.

आपल्या तालुक्यातलंच बघा. घरात फायबर आलेलं असतं, शिवाय खिशात मोबाइलचं सिम असतं, कधी दोन कंपन्यांची दोन सिम असतात. 2020 च्या टाळेबंदीत मुंबई-पुण्याची कितीतरी मुलं कोकणात घरी येऊन इथून काम करू लागली. ऑफिसची मीटिंग एका जोडणीवर आणि घरातल्यांची मालिका दुसऱ्या जोडणीवर, ही विभागणी त्यांनी गरजेपोटी शिकून घेतली. दुकानदाराला ग्राहकाचे पैसे मोबाइलवर घ्यायचे असतात, शाळेला हजेरी भरायची असते, आरोग्य केंद्राला रुग्णाची माहिती वरच्या रुग्णालयात पाठवायची असते. जुलै महिन्यात यातलं काय चालू राहतं आणि काय बंद पडतं, हा आपल्याकडे हौसेचा प्रश्न नाही.

तेव्हा आज थोडा इतिहास बघू.

आपला नकाशा

सुरुवात गुहागरच्या नकाशापासूनच करतो. तालुक्याच्या उत्तरेला वाशिष्ठीची, म्हणजे दाभोळची खाडी. दक्षिणेला शास्त्री नदीची, म्हणजे जयगडची खाडी. पश्चिमेला समुद्र. तीन बाजूंना पाणी आणि जमिनीचा रस्ता काय तो पूर्वेला. गुहागर-विजापूर मार्ग आपल्या गावातून निघतो, सुमारे 45 किलोमीटरवर चिपळूण गाठतो आणि पुढे कुंभार्ली घाट चढून पाटण, कऱ्हाडकडे जातो.

आता गुहागरहून निघणाऱ्या माणसाने कोणती वाट धरायची? पुण्याला जायचं तर चिपळूण आणि घाट. दापोलीला जायचं तर धोपाव्याला जाऊन फेरीबोटीने दाभोळ. 2003 पासून ही गाड्या नेणारी फेरी आहे, म्हणून बरं. नाहीतर चिपळूण, खेड असा केवढा वळसा. रत्नागिरी, गणपतीपुळ्याला जायचं तर तवसाळहून खाडी ओलांडून जयगड.

हे आपण रोज करतो आणि त्यात काही विशेष आहे असं आपल्याला वाटत नाही. पण नीट बघा, आपण नुसतं 'कुठे जायचं' एवढं विचारत नाही. 'काय घेऊन जायचं' हेही विचारतो. आंब्याच्या पेट्यांनी भरलेला ट्रक, रुग्णवाहिका आणि सुट्टीला आलेला पाहुणा, तिघांनाही रत्नागिरीलाच जायचं असलं तरी तिघांची वाट एकच असेल असं नाही. फेरी रात्री बंद असते. मोठा ट्रक सगळीकडे चढत नाही. पाहुण्याला समुद्र बघायचा असतो. मुक्काम एक, पण कामाप्रमाणे वाट वेगळी. संगणकाच्या जाळ्यात ज्याला धोरणाप्रमाणे मार्ग निवडणं म्हणतात, ते नेमकं हेच आहे.

कासीद आणि आगबोट

मराठ्यांच्या इतिहासात याचं एक दुःखद उदाहरण आहे. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर काय झालं, ते आपल्याला माहीत आहे. नानासाहेब पेशवे त्या वेळी फौज घेऊन उत्तरेकडे निघाले होते. एवढ्या मोठ्या पराभवाची बातमी त्यांना कुठून कळली? ग्रँट डफने लिहिलं आहे, की सावकारांचा एक कासीद वाटेत सापडला आणि त्याच्याजवळच्या पत्रातून ती कळली. म्हणजे दरबाराची टपाल व्यवस्था फौजेबरोबर कोलमडली होती आणि सावकारांची व्यवस्था चालू होती. हुंड्या, भाव, नफा-नुकसान यासाठी बांधलेली वाट राज्याची बातमी घेऊन आधी पोचली. दोन जाळी होती, दोघांचे मालक वेगळे होते, दोघांची माणसं वेगळी होती. म्हणून एक पडलं तरी दुसरं उभं राहिलं. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिच्याकडे परत यायचं आहे.

ईस्ट इंडिया कंपनीलाही हे कळलेलं होतं. लंडनला जाणाऱ्या महत्त्वाच्या खलित्यांच्या दोन-तीन प्रती करायच्या आणि त्या निरनिराळ्या जहाजांतून पाठवायच्या, हा त्यांचा रिवाज होता. एखादी प्रत घाईची असेल तर इराणच्या आखातातून, बसऱ्यावरून खुष्कीच्या मार्गाने. मालाच्या याद्या आफ्रिकेला वळसा घालून सावकाश गेल्या तरी चालत.

आपल्या किनाऱ्याला हा धडा निसर्गाने शिकवला. मुंबईची आगबोट दाभोळ, जयगड, रत्नागिरी करत जायची. बोट लांब उभी राहायची आणि पडावातून माणसं किनाऱ्याला यायची. मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या चाकरमान्याचा गावाशी संबंध या वाटेने टिकला. पण जूनमध्ये समुद्र खवळला की ही वाट बंद. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळेपर्यंत घाटाशिवाय गत्यंतर नसे. दोन वाटा होत्या, पण वर्षाचे चार महिने एकच. आणि ती एकसुद्धा दरड कोसळली की बंद.

लंडनला जाणाऱ्या तीन तारा

आता तारेकडे येऊ. इथे गोष्ट फार रंजक होते, म्हणून जरा थांबून सांगतो.

1865 मध्ये हिंदुस्थान आणि युरोप तारेने जोडले गेले. कराचीपासून इराणच्या आखाताच्या तळातून फाओपर्यंत केबल, आणि तिथून तुर्की साम्राज्याच्या तारांनी इस्तंबूल. अडचण अशी, की मधल्या कचेऱ्यांतल्या कितीतरी तारवाल्यांना इंग्रजी येत नव्हतं. अक्षरं कळत नसताना ती पुढे ठोकायची. मजकूर पोचायला कित्येक दिवस लागत आणि पोचल्यावर त्याचा अर्थ लागेलच असं नाही.

म्हणून 1870 मध्ये दुसरी वाट उघडली. सीमेन्स बंधूंनी बांधलेली ही तार लंडनहून बर्लिन, वॉर्सा, ओडेसा, तिफ्लिस करत तेहरानला यायची आणि तिथून बुशहरला आखाताच्या केबलला मिळायची. त्याच वर्षी तिसरी वाट आली. 'ग्रेट ईस्टर्न' हे त्या काळचं अजस्र जहाज मुंबईत आलं, त्याने मुंबई ते एडन केबल समुद्रात टाकली आणि पुढे सुएझ, माल्टा, जिब्राल्टर असं करत ती इंग्लंडला भिडली.

म्हणजे 1870 नंतर मुंबईच्या व्यापाऱ्यापुढे लंडनला तार करायला तीन वाटा होत्या. तुर्कस्तानवरून, तेहरानवरून, सुएझवरून. तिघींचा दर वेगळा, वेग वेगळा, भरवसा वेगळा. आणि गंमत म्हणजे, तार कोणत्या मार्गाने जावी हे पाठवणाऱ्याला सांगता येत असे. तशी नोंद तारेवर व्हायची. कापसाच्या भावाची तार मिनिटांच्या हिशेबाने महाग वाटेने पाठवावी आणि घरची खुशाली स्वस्त वाटेने. दीडशे वर्षांपूर्वी, मंडळी! आज आपला मुलगा राउटरच्या पडद्यावर जो नियम लिहितो, तोच नियम तेव्हा व्यापारी तारेच्या फॉर्मवर लिहीत होता.

आता नकाशा पुन्हा बघा. तीन वाटा म्हटल्या, पण तुर्कस्तानची आणि तेहरानची वाट शेवटी कुठे येते? दोन्ही आखाताच्या केबलवरच येतात आणि कराचीत उतरतात. युरोपात त्या एकमेकींपासून शेकडो मैल लांब आहेत. शेवटचा टप्पा मात्र सामाईक. जाहिरातीत तीन वाटा. संकटाच्या दृष्टीने मोजल्या तर दोन.

आणि पुढे काय झालं? 1870 च्या दशकाच्या अखेरीस या मार्गांच्या चालकांनी आपसात करार केला. उत्पन्न एका थैलीत जमा करायचं आणि ठरलेल्या प्रमाणात वाटून घ्यायचं. तार कोणत्याही वाटेने गेली तरी प्रत्येकाला वाटा मिळणार. पाठवणाऱ्याला निवड होती, पण त्या निवडीतून जी स्पर्धा व्हायची ती संपली. वाटा वाढल्या म्हणजे स्वातंत्र्य वाढलं, असं आपण पटकन म्हणतो. मालकांचा व्यवहार पाहिल्याशिवाय तसं म्हणू नये.

देशातल्या तारेतही प्रकार होतेच. सरकारी तार, तातडीची तार, साधी तार, वर्तमानपत्रांची तार. एकाच तारेवरून सगळं जायचं, पण कोण आधी आणि कोण मागून, याचा नियम होता. सरकारी आधी. तातडीचे पैसे भरणारा त्यानंतर. आपल्या घरांमध्ये 'तार आली' म्हटल्यावर चूल थांबायची, कारण साध्या माणसाची तार बहुधा एकाच कारणासाठी येई. ती व्यवस्था जुलै 2013 मध्ये बंद झाली. आधी-मागूनचा प्रश्न मात्र बंद झाला नाही.

तुकड्यांची युक्ती

1960 च्या सुमारास अमेरिकेत रँड संस्थेत पॉल बॅरन नावाचा इंजिनिअर एका भयंकर प्रश्नावर काम करत होता. अणुहल्ला झाला तर दळणवळण कसं टिकेल? टेलिफोनचं जाळं तेव्हा मोठ्या केंद्रांवर उभं होतं. केंद्र पडलं की प्रदेश मुका. बॅरनचं उत्तर असं : केंद्रच नको. प्रत्येक ठाणं आसपासच्या अनेक ठाण्यांना जोडा. निरोपाचे तुकडे करा. प्रत्येक तुकडा, जी वाट त्या क्षणी उघडी असेल त्या वाटेने पुढे ढकला. 1964 मध्ये त्याचे अहवाल प्रसिद्ध झाले. त्यात एक हिशेब फार सुंदर आहे. प्रत्येक ठाण्याला असंख्य जोडण्या द्यायची गरज नाही. जाळं जेमतेम जोडलेलं राहायला लागतात त्याच्या तिप्पट-चौपट दुवे असले, तरी ते प्रचंड नुकसान सोसून उभं राहतं. इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस त्याच सुमारास स्वतंत्रपणे याच कल्पनेवर पोचला. त्या तुकड्याला 'पॅकेट' हे नाव त्याचं. 29 ऑक्टोबर 1969 रोजी आर्पानेटवरून पहिला निरोप गेला.

या जाळ्यात वाट कशी ठरते? प्रत्येक थांब्यावरचा राउटर पॅकेटला एकच प्रश्न विचारतो : कुठे जायचंय? कुठून आलास, कोणाचा आहेस, काय घेऊन चाललास, यातलं काही विचारत नाही. मला हा फार सभ्य प्रश्न वाटतो. आपल्या समाजात अनोळखी माणसाला पहिला प्रश्न सहसा 'आडनाव काय?' असा असतो. इंटरनेटच्या मूळ रचनेत तो नव्हता.

पण व्यवहारात तेवढ्यावर भागलं नाही. जाळी अनेक झाली, मालक अनेक झाले. जानेवारी 1989 मध्ये ऑस्टिन शहरातल्या एका बैठकीच्या वेळी कर्क लॉहीड आणि याकोव्ह रेख्टर या दोघांनी जेवणाच्या टेबलावरच्या कागदी रुमालांवर एका नव्या पद्धतीची रूपरेषा काढली. तिचं नाव बीजीपी. जाळी एकमेकांना 'माझ्याकडून अमक्या ठिकाणी जाता येईल' असं सांगतात, आणि ऐकणारं जाळं आपल्या सोयीने, आपल्या करारांप्रमाणे त्यातली वाट निवडतं. सगळ्यात जवळची वाट घेतली जाईलच असं नाही. स्वस्त असेल ती, मित्राची असेल ती. आजही जगातली जाळी याच पद्धतीने एकमेकांना जोडलेली आहेत.

रत्नागिरीहून पुणे, व्हाया अमेरिका

आपल्याकडे 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. 1998 मध्ये खासगी कंपन्यांना दार उघडलं. आणि मग एक विचित्र प्रकार झाला. दोन भारतीय कंपन्यांची आपसात थेट गाठ नसली, की एका कंपनीच्या ग्राहकाने दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला पाठवलेला मजकूर परदेशात जाऊन परत यायचा. रत्नागिरीचा निरोप पुण्याला, पण अमेरिकेवरून! वेळ जायचा आणि आंतरराष्ट्रीय केबलचं भाडं डॉलरमध्ये भरावं लागायचं. त्यावर उपाय म्हणून 2003 मध्ये 'निक्सी' ही संस्था स्थापन झाली. तिचं काम सोपं आहे. देशातल्या कंपन्यांनी एका जागी यावं आणि देशातली वाहतूक तिथेच एकमेकांना द्यावी. परदेशची वाहतूक परदेशच्या केबलवर, घरची घरच्या घरी. वेगळ्या वाहतुकीला वेगळी वाट, हे तत्त्व देशाच्या पातळीवर इतक्या उशिरा आलं.

घरातला राउटर

आता घरात येऊ. दोन जोडण्या आहेत. सरळ वाटतं, की अर्धी वाहतूक इकडून आणि अर्धी तिकडून पाठवावी, वेग दुप्पट. पण तसं होत नाही, आणि का होत नाही ते समजून घेण्यासारखं आहे.

तुमच्या घराला प्रत्येक कंपनी वेगळा पत्ता देते. समजा, तुम्ही बँकेच्या संकेतस्थळावर आहात. तुमचे निम्मे तुकडे एका पत्त्यावरून गेले आणि निम्मे दुसऱ्या. बँकेला वाटणार, ही दोन माणसं आहेत आणि त्यातलं एक चोर आहे. ती संभाषण तोडून टाकते. म्हणून शहाणा राउटर तुकडे वाटत नाही, संभाषणं वाटतो. एक संभाषण सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच वाटेने. दुसरं, उत्तर ज्या दाराने प्रश्न आला त्याच दाराने गेलं पाहिजे. धोपाव्याच्या फेरीचं परतीचं तिकीट तवसाळच्या फेरीवर चालत नाही, तसंच. लिनक्समध्ये 1999 च्या सुमारास यासाठी चांगली सोय झाली. वाटांचा एकच तक्ता ठेवायचा नाही, अनेक तक्ते ठेवायचे, आणि कोणत्या पॅकेटने कोणता तक्ता वाचायचा याचे नियम वेगळे लिहायचे. हे यंत्र ऑफिसच्या लॅपटॉपकडून आलं? त्याला फायबर. हा कॅमेऱ्याचा व्हिडिओ? त्याला दुसरी जोडणी.

म्हणजे राउटरचा तो सभ्य प्रश्न बदलला. 'कुठे जायचंय?' याच्या आधी आता 'तू कोण?' हा प्रश्न आला. घरात तो विचारायला हरकत नाही. घरातली माणसं आपली आहेत आणि कोणाचं काम आधी, हे आपण एकमेकांशी बोलून ठरवू शकतो. मुलीची परीक्षा असेल त्या दिवशी मालिका थांबेल.

आणखी एक बारीक गोष्ट. जोडणी बंद पडली हे राउटरला कसं कळतं? तो जवळचा दिवा बघतो. घरातल्या पेटीपर्यंत सिग्नल आहे, म्हणजे वाट चालू. पण केबल तुटलेली असते ती चिपळूणपाशी, नाहीतर घाटात. स्टँडवरून गाडी सुटली, म्हणजे ती पुण्याला पोचेल असं नव्हे. म्हणून चांगली व्यवस्था दूरच्या ठिकाणाला दर थोड्या वेळाने हाक मारून बघते. ओ आली नाही, तर वाट बंद समजायची आणि दुसरी धरायची.

धूर, अग्नी आणि ओलं लाकूड

आता माझ्या विषयाचा थोडा उपयोग करतो.

न्यायशास्त्रात एक नेहमीचं उदाहरण आहे. 'जिथे धूर तिथे अग्नी' हे बरोबर. पण ते उलटं करून 'जिथे अग्नी तिथे धूर' म्हटलं, तर चूक. लालबुंद तापलेल्या लोखंडात अग्नी आहे, धूर नाही. अग्नीतून धूर निघतो तो इंधन ओलं असेल तरच. ही जी न सांगितलेली अट असते, तिला नैयायिक 'उपाधी' म्हणतात. उपाधी लपलेली असली की अनुमान फसतं.

'दोन जोडण्या आहेत, म्हणून आपण सुरक्षित आहोत' या अनुमानातही अशीच उपाधी लपलेली आहे. दोघींचा रस्ता खरोखर वेगळा असेल, तरच.

30 जानेवारी 2008 रोजी इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या दोन केबल तुटल्या, सी-मी-वी 4 आणि फ्लॅग. दोन दिवसांनी आखातात तिसरी तुटली. भारताच्या परदेशी वाहतुकीला मोठा फटका बसला. केबल वेगळ्या, मालक वेगळे, नावं वेगळी. पण दोन्ही त्याच अरुंद पट्ट्यातून जाणाऱ्या. ज्यांनी पूर्वेकडून, सिंगापूर आणि पॅसिफिकमार्गे जाणारी वाटही राखून ठेवली होती, ते लवकर सावरले. 2024 मध्ये लाल समुद्रात पुन्हा केबल तुटल्या. 1870 ची सुएझची वाट आणि आजची वाट नकाशावर एकमेकींवर ठेवून बघा, फारसा फरक दिसणार नाही. 2023 च्या अखेरीस भारतात 17 आंतरराष्ट्रीय केबल 14 केंद्रांवर उतरत होत्या. आकडा बरा वाटतो. पण ही केंद्रं मुंबई, चेन्नई, कोची, तुतिकोरिन, तिरुवनंतपुरम अशा मोजक्याच शहरांत आहेत, आणि मुंबईतल्या कितीतरी केबल एकट्या वर्सोव्याच्या किनाऱ्याला येतात.

आता आपल्याकडे या. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं. दापोली, मंडणगडात विजेचे खांब आडवे झाले, आणि विजेबरोबर फोनही गेले. 22 जुलै 2021 ला चिपळूण पाण्यात बुडालं. वाशिष्ठीवरचा जुना पूल खचला, महामार्ग बंद झाला, कोकण रेल्वे थांबली, वीज गेली, मोबाइल गेले. माणूस जिवंत आहे का, हे कळायला मुंबईतल्या नातेवाइकांना दिवस दिवस थांबावं लागलं. कोणाकडे एक सिम होतं आणि कोणाकडे तीन, त्याने त्या रात्री काय फरक पडला? सगळ्या टॉवरना वीज लागते, आणि टॉवरकडून पुढे जाणाऱ्या केबल बहुधा त्याच रस्त्याच्या कडेने जातात.

पानिपतच्या बातमीकडे आता परत येऊ. सावकाराचा कासीद पोचला, कारण त्याची वाट फौजेवर अवलंबून नव्हती. आपण दुसरी जोडणी घेतो तेव्हा कंपनीचं नाव वेगळं आहे का, एवढंच बघतो. बघायचं असतं ते हे, की ती फौजेबरोबर पडणार आहे का.

नियम कोण लिहितो?

दुसरा मुद्दा नियमाचा. घरातला नियम आपण लिहितो. पण घराबाहेरच्या वाटेवर 'तू कोण?' हा प्रश्न कंपनीने विचारायला सुरुवात केली तर? अमक्या ॲपचे तुकडे आधी, तमक्याचे मागून. हे फुकट, ते विकत. 2015 मध्ये यावर देशभर वाद झाला, लाखो लोकांनी दूरसंचार नियामकाला ईमेल लिहिले. 8 फेब्रुवारी 2016 रोजी नियामकाने मजकूर पाहून वेगळा दर लावण्याला बंदी केली, आणि 2018 मध्ये सरकारने नेट समानतेची तत्त्वं मान्य केली. वाट कोणती धरायची हे प्रवाशाने ठरवणं वेगळं, आणि कोणाला पुढे सोडायचं हे नाक्यावरच्या माणसाने ठरवणं वेगळं. दोन्हींत यंत्र तेच असतं, नियमाची भाषाही तीच असते. फरक एवढाच, की नियम ज्याला लागू होतो त्याला तो लिहिताना विचारलं होतं का.

याचा अर्थ सगळी वाहतूक सारखी, असा नाही. पुराच्या रात्री रुग्णवाहिकेचा निरोप पाहुण्याच्या व्हिडिओच्या आधी गेलाच पाहिजे. तारेच्या काळात सरकारी तार आधी जायची. लोकशाहीत तो मान कोणाला द्यायचा, हे उघडपणे ठरलं पाहिजे आणि पावसाळ्याच्या आधी ठरलं पाहिजे.

म्हणून मला वाटतं, ग्रामसभेत रस्ता आणि पाणी यांच्याबरोबर आणखी दोन प्रश्न विचारले जावेत. आपल्या गावातून बाहेर पडणाऱ्या जोडण्या कुठल्या रस्त्याने, कुठल्या पुलावरून, कुठल्या विजेवर जातात? आणि त्यांतली एकच उरली, तर तिच्यावर कोणाचं काम आधी? पहिल्याचं उत्तर नकाशावर आहे, ते मागून घेता येतं. दुसऱ्याचं उत्तर आपल्यालाच द्यायचं आहे.

प्रश्नोत्तरांतून

*श्रोता : सर, आमच्याकडे फायबर आणि मोबाइल दोन्ही आहे. पावसात दोन्ही एकदमच जातात. मग दुसऱ्याचे पैसे का भरायचे?*

आधी उपाधी शोधा. दोन्ही एकदम जातात, म्हणजे दोघांत काहीतरी सामाईक आहे. बहुतेक वेळा ती वीज असते. तुमच्या घरातली फायबरची पेटी आणि राउटर विजेवर चालतात. एका छोट्या बॅटरीवर ती ठेवून बघा. तेवढ्याने फायबर टिकलं, तर दोष तुमच्या भिंतीच्या आत होता. नाही टिकलं, तर सामाईक गोष्ट पुढे कुठेतरी आहे, आणि मग तिसरं सिम घेऊनही तुमचे पैसेच जातील.

*श्रोता : उपग्रहावरून इंटरनेट आलं की हा प्रश्न सुटेल का?*

घाट आणि पूल यांच्यापुरता सुटेल. पृथ्वीभोवती 36,000 किलोमीटरवर फिरणारे जुने उपग्रह आहेत, त्यांच्यावरून बोलताना उत्तर यायला जाणवण्याइतका वेळ लागतो. आता काहीशे किलोमीटरवरून फिरणारे आले आहेत, त्यांना तेवढा वेळ लागत नाही. ही वाट कुंभार्लीतून जात नाही, हे तिचं मोठेपण. पण जमिनीवरच्या तबकडीला वीज लागतेच, मुसळधार पावसात सिग्नल मंदावतो, आणि ती वाट कोणाच्या हातात आहे हा प्रश्न राहतोच. तारेचे तीन मार्ग एका थैलीत गेले होते, हे विसरू नका. आरोग्य केंद्रासाठी, तहसील कचेरीसाठी अशी एक वाट राखून ठेवावी, असं मी म्हणेन. घरच्या मालिकेसाठी घाटातली चालेल.